हेट्झर, १/३५: निपरपासून अँटेनापर्यंत, क्रम न मोडता

रंगवून झालेलं रणगाड्याचं मॉडेल पुढे करून ‘यात नक्की काय बिघडलंय?’ असं विचारणारे बहुतेक जण रंगाकडे बोट दाखवतात. मी मॉडेल उलटं करतो. चार चाकांतलं एक हवेत असतं, पट्ट्यांच्या आतली चाकं अर्धवट रंगलेली असतात, नळीवर शिवण दिसत असते. म्हणजे चूक रंगाची डबी उघडायच्या दोन आठवडे आधीच झालेली असते. कुठे थांबायचं होतं तिथे थांबलं गेलं नाही, एवढंच.

हा लेख १/३५ मापाच्या प्लॅस्टिक किटसाठी आहे. उदाहरणाला याग्डपान्झर ३८(टी), म्हणजे सगळे ज्याला हेट्झर म्हणतात ते रणगाडाविरोधी वाहन घेतलंय. कंपनी कुठलीही असो, क्रम हाच राहतो. मूळ गाडी नळीसकट ६.३८ मीटर लांब, २.६३ मीटर रुंद आणि २.१७ मीटर उंच होती. मॉडेल साधारण १८ सेंमी लांब, साडेसात सेंमी रुंद आणि सहा सेंमीपेक्षा जराच उंच होतं. बुरूज नाही, आतलं फारसं दिसत नाही, भाग कमी. म्हणूनच ‘दोन रविवारांत उरकू’ म्हणून लोक हेट्झर घेतात. दोन रविवारांत जोडून होईल, पण रंगासकट चार आठवडे धरा.

## टप्पा ० : कोणती गाडी करायची, हे आधी ठरवा

हेट्झर १९४४च्या एप्रिलपासून प्राग इथल्या बीएमएम कारखान्यात आणि त्याच वर्षीच्या जुलैपासून पिल्झेनच्या श्कोडा कारखान्यात बनू लागली. युद्ध संपेपर्यंत त्यात बारीकसारीक बदल होत राहिले. किटमध्ये दोन-तीन काळांचे भाग एकत्र येतात आणि गोंधळ तिथेच सुरू होतो: सुरुवातीच्या गाडीचं आयडलर चाक (पट्टा वळवून परत आणणारं मागचं चाक), शेवटच्या गाडीचं धुरांडं आणि मधल्या गाडीचे क्रमांक असं मिश्रण तयार होतं.

तीन जागा पाहिल्यात की बरंचसं जुळतं:

१. मागचं आयडलर चाक. सुरुवातीच्या गाड्यांवर बारा भोकांचं. पुढे भोकं कमी होत आठ, सहा, चार अशी आली.
२. धुरांडं. आधी आडव्या सायलेन्सरचं, १९४४च्या शरद ऋतूनंतर उभ्या नळीसारखं, ज्वाळा लपवणारं.
३. बाजूचे पातळ पत्रे. सुरुवातीला सरळ, नंतर झाडाझुडपांत अडकू नयेत म्हणून पुढची-मागची टोकं आत वाकवलेली.

सावधान: संदर्भासाठी संग्रहालयातल्या ‘हेट्झर’चे फोटो घेताना जपा. युद्धानंतर स्वित्झर्लंडने याच गाडीच्या १५८ प्रती जी-१३ नावाने घेतल्या, आणि आज ठिकठिकाणी हेट्झर म्हणून उभ्या असलेल्या बऱ्याच गाड्या मुळात त्याच आहेत. जी-१३च्या तोफेला टोकाशी मझल ब्रेक, म्हणजे धक्का कमी करणारा भोकांचा तुकडा, होता. युद्धातल्या हेट्झरच्या नळीचं टोक साधं होतं. सुट्या भागांच्या डबीतून मझल ब्रेक काढून ‘जरा भारी दिसेल’ म्हणून चिकटवलेल्या तीन हेट्झर मी स्वतः पाहिल्यात.

झिमरिटच्या खरबरीत लेपाचंही तसंच. तो हेट्झरला नव्हता. पुट्टीवर कंगवा फिरवायची हौस दुसऱ्या मॉडेलवर भागवा.

## टप्पा १ : टेबल मांडणं आणि भाग धुणं

लागणाऱ्या वस्तू: सपाट धारेचं निपर (भाग कापायची छोटी पक्कड), क्राफ्ट नाइफ आणि चार-पाच नवी पाती, ४००, ६०० आणि १००० नंबरचा पॉलिश पेपर, चिमटा, प्लॅस्टिक जोडायचं पातळ सिमेंट (बाटलीच्या झाकणालाच ब्रश असतो ते), थोडं जाड सिमेंट, फेव्हिक्विक, मास्किंग टेप आणि काचेचा एक सपाट तुकडा. जुन्या फोटोफ्रेमची काच चालते. कडा टेपने मढवून घ्या. ही काच पुढे फार उपयोगी पडणार आहे.

पॉलिश पेपर हार्डवेअरच्या दुकानातला चालतो. तिथलं थिनर मात्र घरात आणू नका. ते फर्निचरसाठी असतं आणि प्लॅस्टिक खातं. नेलपॉलिश रिमूव्हरमधलं ॲसिटोनही तेच करतं.

सगळ्या फ्रेम्स, ज्यांना आपण स्प्रू म्हणतो त्या, कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे चार थेंब टाकून मऊ टूथब्रशने धुवा. साच्यातून भाग सुटावेत म्हणून लावलेलं तेलकट द्रव्य त्यावर असतं आणि रंग त्यावर धरत नाही. पाणी हाताला सोसेल इतकंच कोमट हवं. उकळत्या पाण्यात पातळ भाग वाकतात. मोरीच्या जाळीवर चाळणी ठेवूनच धुवा. सुटलेला भाग एकदा पाइपात गेला की गेला. धुतलेलं रात्रभर पंख्याखाली वाळू द्या.

तपासणी: सूचनापत्रिका शेवटपर्यंत वाचा आणि जे भाग तुमच्या गाडीला लागत नाहीत त्यांच्यावर स्प्रूवरच पेन्सिलने फुली मारा. हे दहा मिनिटांचं काम टाळणारा माणूस चौथ्या पानावर भलतंच धुरांडं चिकटवून बसतो.

## टप्पा २ : भाग कापणं आणि साफ करणं

भाग स्प्रूपासून दोनदा कापायचा. पहिला काप भागापासून दोन मिलिमीटर दूर, दुसरा अगदी जवळ. एका झटक्यात जवळून कापलंत तर प्लॅस्टिक ताणलं जाऊन पांढरं पडतं, कधी भागाचा टवकाच उडतो. उरलेला कोंब पात्याने तासा आणि ४००, मग ६०० नंबरने घासा.

एका वेळी एकाच पायरीचे भाग कापा. सगळं एकदम सुटं करून वाटीत ठेवलं की क्रमांक हरवतात, आणि हेट्झरची डावी-उजवी स्प्रिंग वाटीत ओळखता येत नाही.

चाकांकडे नीट पाहा. रबरी कडेवर साच्याची बारीक रेघ गोल फिरलेली असते. चाक टूथपिकवर खोचा आणि पॉलिश पेपर स्थिर धरून चाकच फिरवा. उलट केलंत, म्हणजे चाक धरून पेपर पुढे-मागे घासला, तर कडेवर सपाट चट्टे पडतात. ते कोरड्या प्लॅस्टिकवर दिसत नाहीत. रंग दिल्यावर आठही चाकं पंक्चर झाल्यासारखी दिसतात.

पोकळ भागांच्या आत साच्याच्या पिनच्या गोल खुणा असतात. हॅच, म्हणजे छतावरची झाकणं, बंद ठेवणार असाल तर आतल्या सोडून द्या. न दिसणाऱ्या जागी तासन् तास घासणं हा प्रामाणिकपणा नाही, वेळ काढणं आहे.

## टप्पा ३ : हल काटकोनात बसवणं

हल म्हणजे गाडीचं पेटीसारखं धड. इथे घाई नको. हेट्झरच्या वरच्या भिंती वर जाताना आत झुकतात आणि खालच्या हलच्या भिंती खाली जाताना आत झुकतात. मधोमध, पट्ट्यांच्या वर, दोन्हींची कड एकत्र येते. खालचा हल अर्धा मिलिमीटर जरी पिळलेला असेल तरी ही कड एका बाजूला मिटते आणि दुसऱ्या बाजूला उघडी राहते. मग लोक फटीत पुट्टी भरतात. पुट्टीने फट बुजते, पीळ जात नाही.

१. खालच्या हलचे सगळे भाग सिमेंट न लावता टेपने बांधा.
२. काचेवर ठेवून चारही कोपरे दाबून पाहा. डुगडुगत असेल तर कुठल्या खाचेत प्लॅस्टिकचा कोंब राहिलाय ते शोधा. दहातल्या नऊ वेळा तोच असतो.
३. वरचा हलही कोरडाच वर बसवून पाहा. दोन्ही मिळून बसतात याची खात्री झाल्यावरच खालच्या भागांना सिमेंट लावा.
४. पातळ सिमेंट लावायची रीत अशी: भाग जोडून धरा आणि ब्रशचं टोक सांध्याला नुसतं टेकवा. सिमेंट केशाकर्षणाने आपोआप आत पळतं. आधी सिमेंट लावून मग भाग दाबलात तर ते बाहेर येऊन बोटाखाली जातं.

ही बोटाची गोष्ट अनुभवाची आहे. माझ्या पहिल्या हेट्झरच्या डाव्या भिंतीवर माझ्या अंगठ्याचा ठसा इतका स्पष्ट उमटला होता की त्यावर आधार कार्ड निघालं असतं. घासून जाईल म्हणून मी ताबडतोब पॉलिश पेपर घेतला आणि ओल्या प्लॅस्टिकला वळ्या पाडल्या. असा डाग पडला तर हात लावू नका. पूर्ण २४ तास ठेवा, मग ६०० नंबर पाण्यात भिजवून घासा.

खालचा हल रबर बँडने बांधून रात्रभर काचेवर ठेवा. वरचा हल अजून चिकटवायचा नाही. तोफ आतून बसते.

तपासणी: दुसऱ्या दिवशी बँड काढून हल काचेवर ठेवा आणि डोळा काचेच्या पातळीवर आणा. काचेतलं प्रतिबिंब आणि तळ यांच्यामधली फट सगळीकडे सारखी दिसली पाहिजे.

## टप्पा ४ : स्प्रिंगा आणि चाकं

प्रत्येक बाजूला चार मोठी चाकं, पुढे दातेरी चाक, मागे आयडलर आणि वर पट्ट्याला आधार देणारा फक्त एकच रिटर्न रोलर. मूळ चाकाचा व्यास ८२५ मिमी, म्हणजे मॉडेलवर साधारण २३.६ मिमी. इतकी मोठी चाकं असल्यामुळे एकही तिरकं झालं की लांबूनच कळतं.

चाकांच्या दांड्यांना जाड सिमेंट लावा, कारण त्यात हलवाहलव करायला वेळ मिळतो. चाकं नुसती खोचून ठेवा. मग मॉडेल काचेवर ठेवून वर वजन ठेवा. टॉर्चचे दोन मोठे सेल पुरतात. आठही चाकं काचेला टेकली पाहिजेत. तपासायला साधा कागद घ्या आणि प्रत्येक चाकाखाली सरकवून पाहा. कागद आत गेला तर ते चाक हवेत आहे. दांडी अजून ओली असेल, तेवढ्यात ती खाली दाबा.

खऱ्या गाडीचं नाक जड होतं: पुढची चिलखती पाटी ६० मिमी जाड, तोफही पुढेच, म्हणून गाडी पुढे किंचित झुकायची आणि पुढच्या स्प्रिंगा नंतर मजबूत कराव्या लागल्या. तो झुकाव दाखवायचा असेल तर तो याच क्षणी, सगळ्या दांड्या ओल्या असताना. नंतर एखादी दांडी वाकवायला गेलात तर ती मोडते. पहिलं मॉडेल असेल तर सरळच ठेवा.

चाकं चिकटवू नका. दांड्या वाळल्या की चाकं काढून डबीत ठेवा, प्रत्येकाच्या मागे पेन्सिलने क्रमांक घालून.

### पट्टे

किटमध्ये पट्टे तीन प्रकारचे येतात: एकसंध रबरी, लांब तुकडे आणि सुट्या कड्या मिळून, किंवा सगळ्या सुट्या कड्या. दुसऱ्या प्रकाराबद्दल सांगतो, कारण सगळ्यात जास्त रडारड त्यावर होते.

टेबलावर टेप चिकट बाजू वर करून पसरवा. तुकडे आणि कड्या त्यावर सरळ पट्टीला लावून जुळवा आणि जाड सिमेंट लावा. अर्ध्या तासाने पट्टा चामड्यासारखा होतो: तुटत नाही, पण वाकतो. त्याच वेळी तो चाकांभोवती गुंडाळायचा. तासाभराने गेलात तर काड्यांसारखा मोडेल, दहाव्या मिनिटाला गेलात तर हातात कड्यांची रास येईल. गुंडाळताना चाकं जागेवर खोचलेली असू द्या. वरच्या बाजूला एकाच रोलरचा आधार असल्यामुळे पट्टा त्याच्या पुढे आणि मागे थोडा ओघळतो. कापसाचे बोळे वरून दाबून तो ओघळ धरा. रात्रभर ठेवा आणि मग पट्टा दोन अर्ध्यांत अलगद काढून घ्या.

सावधान: पट्ट्याची दिशा. दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांची नक्षी एकाच दिशेला हवी. एक बाजू झाली की दुसरी तिला समोर ठेवूनच करा, आठवणीवर नाही.

रबरी पट्टे असतील तर आणखी एक धोका: काही प्रकारचं मऊ व्हिनाइल प्लॅस्टिकला टेकून राहिलं की वर्षा-दोन वर्षांत ते प्लॅस्टिक विरघळवतं. चाकांच्या कडांवर रंगाचा आणि क्लिअर कोटचा (पारदर्शक लेपाचा) पूर्ण थर असल्याशिवाय ते बसवू नका.

## टप्पा ५ : तोफ

नळी दोन अर्ध्यांत येत असेल तर जोडून एक दिवस ठेवा. मग पॉलिश पेपरची अरुंद पट्टी नळीभोवती अर्धी गुंडाळून बूट पुसतात तशी खेचा. फक्त शिवणीवर घासलंत तर नळी गोल राहत नाही. घासून झाल्यावर दिव्याखाली नळी बोटांत फिरवा. चकाकीची रेघ कुठेही तुटली किंवा रुंद झाली तर तिथे अजून काम आहे.

नळीचं तोंड पाहा. ७५ मिमीचं भोक १/३५ मध्ये २.१ मिमी होतं. किटमधलं भोक उथळ असेल तर हातातल्या छोट्या ड्रिलने २ मिमीचं पान घालून खोल करा. आधी सुईने मध्यबिंदू टोचून घ्या, नाहीतर पान घसरतं.

तोफ गाडीच्या मध्यरेषेवर नव्हती. ती उजवीकडे ३८ सेंमी सरकलेली होती, मॉडेलवर जवळपास ११ मिमी. समोरून पाहिल्यावर ती तुमच्या डाव्या हाताला दिसेल. ‘वाकडं बसलंय’ म्हणून ओढून मध्ये आणायला जाऊ नका. नळी मध्यरेषेला समांतर आहे ना, एवढंच पाहा. थोडी वळवून दाखवायची असेल तर मर्यादा लक्षात ठेवा: उजवीकडे ११ अंश, डावीकडे फक्त ५.

तोफ हलत्या सांध्यात बसवून झाली की वरचा हल चिकटवा. एकदम सगळ्या कडेला सिमेंट नको. आधी पुढची पाटी, दहा मिनिटांनी बाजू, शेवटी मागची पाटी.

## टप्पा ६ : बारीक भाग, आणि थांबण्याची जागा

छतावरची मशिनगन आणि तिची ढाल, हत्यारं, दिवा, जॅक, ओढायचा दोर. पितळी पत्र्याचे भाग असतील तर फेव्हिक्विक, पण थेट नळीतून कधीच नाही. झाकणावर एक थेंब काढा आणि टूथपिकने उचला. फेव्हिक्विकची वाफ आजूबाजूच्या प्लॅस्टिकवर पांढरा धूसर थर सोडते, म्हणून भाग लावल्यावर खिडकी उघडी ठेवा. मॉडेल डब्यात बंद करू नका.

आता बाजूचे पत्रे. खरा पत्रा ५ मिमी जाड होता. १/३५ मध्ये ती जाडी ०.१४ मिमी येते, पोस्टकार्डापेक्षाही कमी. किटमधला पत्रा अर्धा मिलिमीटर जाड असेल तर खऱ्या गाडीवर तो पावणेदोन सेंमी जाड झाला! सगळा पत्रा पातळ करायची गरज नाही. फक्त खालची कड आणि दोन्ही टोकं मागच्या बाजूने पात्याने तिरकी तासा. समोरून पाहणाऱ्याला कडच दिसते. वीस मिनिटांचं काम आहे आणि अख्ख्या मॉडेलमध्ये याच्याइतका फरक दुसऱ्या कशाने पडत नाही.

आणि इथे थांबायचं. टेबलावर या सुट्या गोष्टी असायला हव्यात: हल (तोफेसकट), चाकं, चार अर्धे पट्टे, बाजूचे पत्रे, धुरांडं, हत्यारं, मशिनगन. पत्रे आधी चिकटवलेत तर त्यांच्यामागे वरचा पट्टा रंगवायला ब्रश जात नाही. ज्यांच्या मॉडेलमध्ये पत्र्यामागे कोरं प्लॅस्टिक चमकतं, त्यांचं सगळ्यांचं इथेच चुकलेलं असतं.

## टप्पा ७ : प्रायमर

हाताचं तेल काढायला मॉडेल पुन्हा एकदा साबणाच्या पाण्याने पुसा, वाळवा आणि इथून पुढे हातमोजे घाला किंवा मॉडेल खालून एखाद्या ठोकळ्याला टेपने लावून धरा.

करडा प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, डब्यातून मारत असाल तर २०–२५ सेंमी अंतरावरून. फवारा मॉडेलच्या बाहेर सुरू करा आणि पलीकडे बाहेर संपवा. तीन हलके हात, मध्ये दहा-दहा मिनिटं. पहिल्या हातात रंग पूर्ण झाकला गेलाच पाहिजे असं नाही.

सावधान: मुंबई, कोकण, गोव्यात जून ते सप्टेंबर लॅकर प्रायमर आणि लॅकर क्लिअर शक्यतो मारू नका. हवेतली वाफ ओल्या थरात अडकते आणि तो दुधाळ पांढरा पडतो. एका जुलैत, बाहेर धो धो पाऊस असताना, मी ‘फक्त एकच हात’ मारला आणि पिवळी हेट्झर हिवाळी रंगाची झाली. पावसाळ्यात काम करायचंच असेल तर पाण्यावर पातळ होणारे ॲक्रिलिक वापरा, किंवा एसी तासभर ड्राय मोडवर चालवून खोली कोरडी करा, मग एसी बंद करून खिडकी उघडूनच फवारा मारा. लॅकरच्या वाफेसाठी कापडी मास्क कुचकामी आहे. सेंद्रिय वाफेच्या काडतुसांचा मास्क घ्या.

प्रायमर हा आरसा आहे. त्यावर राहिलेल्या शिवणी, फटी, ओरखडे दिसतात. आता सापडलेलं दुरुस्त करा, तेवढ्याच जागेवर पुन्हा प्रायमर मारा. २४ तास वाळू द्या.

## टप्पा ८ : मूळ रंग आणि कॅमोफ्लाज

१९४३च्या फेब्रुवारीपासून जर्मन गाड्यांचा मूळ रंग गडद पिवळा होता आणि त्यावर लालसर तपकिरी व हिरवा. १९४४च्या ऑगस्टपासून हे तिन्ही रंग कारखान्यातच द्यायचा आदेश निघाला. म्हणजे उशिराच्या हेट्झरवर रंगाच्या पट्ट्यांच्या कडा स्पष्ट असतात. त्याआधीच्या गाड्यांवर तुकडीतल्या लोकांनी फवारलेल्या मऊ कडा शोभतात. टप्पा ० मध्ये घेतलेला निर्णय इथे पुन्हा कामी येतो.

तामिया कंपनीच्या ॲक्रिलिकमध्ये नेहमीचं त्रिकूट एक्सएफ-६० पिवळा, एक्सएफ-६४ तपकिरी आणि एक्सएफ-६१ हिरवा. एअरब्रशला ०.३ मिमीचं नोझल असेल तर रंग एक भाग, त्याच कंपनीचं थिनर एक ते दीड भाग, दाब १५ ते १८ पीएसआय. मोजायला औषधाच्या दुकानातली बिनसुईची सिरिंज घ्या. ‘दुधासारखं पातळ’ हा सल्ला ऐकायला बरा, पण कुणाकडे म्हशीचं असतं आणि कुणाकडे टोन्ड.

१. आधी चाकांमागचा हल आणि खालच्या कडा.
२. मग पिवळा सगळीकडे, पातळ थरांत. सपाट पाट्यांच्या मध्यावर पिवळ्यात थोडा पांढरट रंग मिसळून एक हलका हात द्या, कडा तशाच ठेवा.
३. बाजूचे पत्रे टेपने तात्पुरते लावा. कॅमोफ्लाजच्या पट्ट्या हलवरून पत्र्यांवर अखंड गेल्या पाहिजेत. सुटे पत्रे वेगळे रंगवले की पट्टी मध्येच तुटते.
४. आधी तपकिरी, तो हाताला कोरडा लागला की हिरवा. स्पष्ट कडांसाठी मास्किंग टेप किंवा ब्रश. मऊ कडांसाठी एअरब्रश जवळ आणि दाब कमी.

नुसत्या ब्रशने रंगवणाऱ्यांनी वाळायला वेळ घेणारा पाण्याचा ॲक्रिलिक घ्यावा आणि तीन पातळ थर द्यावेत. अर्धवट वाळलेल्या जागेवरून ब्रश परत फिरवला की खालचा थर उचलला जातो.

चाकांचं रबर शुद्ध काळं करू नका, गडद करडं. पट्ट्यांना गडद तपकिरी-करडा रंग.

## टप्पा ९ : चकचकीत थर, मग डिकल

मॅट रंगावर थेट डिकल, म्हणजे पाण्यात भिजवून लावायची चित्रपट्टी, लावलं की त्याखाली हवा अडकते आणि चंदेरी चमक दिसते. म्हणून आधी ग्लॉस क्लिअर, पूर्ण एक दिवस वाळवणं, मग डिकल. कडेने जवळून कापा, कोमट पाण्यात वीस-तीस सेकंद, कागदावरून आपणहून सरकेपर्यंत थांबा, जागेवर आणा, ओल्या ब्रशने पाणी बाहेर काढा, वर डिकल मऊ करणारं सॉफ्टनर. सॉफ्टनर लावल्यावर डिकल सुरकुततं. घाबरून बोट लावू नका, अर्ध्या तासात ते आपोआप बसतं. हेट्झरच्या भिंती सपाट आहेत, इथे फार त्रास नाही. वरून पुन्हा एक ग्लॉस हात.

## टप्पा १० : वॉश, टवके, धूळ

वॉश म्हणजे खाचाखोचांत उतरणारा अगदी पातळ रंग. ॲक्रिलिकच्या क्लिअर थरावर एनॅमल वॉश, हा क्रम. एनॅमल रंगावर थेट एनॅमल वॉश दिलात तर पुसताना रंगही निघून येईल.

गडद तपकिरी वॉश सगळ्या मॉडेलवर फासू नका. बारीक ब्रशचं टोक फक्त बोल्टच्या मुळाशी आणि वेल्डच्या रेषेला टेकवा, तो स्वतः पळतो. वीस-तीस मिनिटांनी व्हाइट स्पिरिटने जेमतेम ओला केलेला ब्रश वरून खाली ओढा.

सावधान: चाकांच्या दांड्यांवर वॉशचं डबकं साचू देऊ नका. ताण असलेल्या प्लॅस्टिकच्या सांध्यात स्पिरिट मुरलं की ते ठिसूळ होतं. माझ्या एका मॉडेलची मागची डावी दांडी वॉश दिल्यानंतर रात्रीत, कुणी हात न लावता, टक्कन तुटली.

टवक्यांसाठी, म्हणजे रंग उडाल्यासारख्या खुणांसाठी, स्पंजचा तुकडा, गडद तपकिरी रंग, आणि तोही आधी टिशूवर जवळजवळ संपेपर्यंत टेकवलेला. हॅचच्या कडा, जिथे बूट घासतात तिथे, पत्र्यांची खालची टोकं. खरचटलेल्या जागी खालचा लाल प्रायमर दिसू शकतो. नारिंगी गंज मात्र आवरा. या गाड्या काही महिनेच धावल्या, चिलखतावर गंजाचे ओघळ यायला त्यांना वेळच मिळाला नाही. धुरांडं तापतं, तिथला रंग जळतो. तिथे हवा तेवढा गंज दाखवा.

मग मॅट क्लिअर. बाटली पूर्ण दोन मिनिटं हलवा. तळाशी बसलेली पूड नीट मिसळली नाही तर ती मॉडेलवर पांढरी उमटते. धुळीची पूड मॅट थराच्या नंतर, कारण क्लिअरखाली ती दिसेनाशी होते.

## टप्पा ११ : शेवटची जोडणी

चाकं, मग पट्टे, मग पत्रे. चाक चिकटवायच्या जागेवरचा रंग आधी पात्याने खरवडून काढा. सिमेंट रंगाला चिकटवत नाही, प्लॅस्टिकला चिकटवतं. पट्ट्यांच्या बाहेरच्या उंचवट्यांवर आणि दातेरी चाकाच्या दातांवर पेन्सिलीचं ग्रॅफाइट बोटाने घासा. पत्रे लावण्याआधी टॉर्च घेऊन आतलं सगळं एकदा पाहा. यानंतर संधी नाही.

सगळ्यात शेवटी अँटेना. दोन मीटरची काठी, मॉडेलवर ५७ मिमी. उरलेल्या स्प्रूचा तुकडा मेणबत्तीच्या ज्योतीच्या वर, ज्योतीला न टेकवता, फिरवत तापवा. मधोमध चकाकी येऊन मऊ पडला की ज्योतीपासून दूर घ्या आणि दोन्ही हातांनी सावकाश ताणा. घरात मेणबत्ती सापडली नाही म्हणून मी एकदा देवघरातलं निरांजन घेतलं होतं, ते का नको हे आईने सविस्तर सांगितलं. ताणलेला धागा बुडाशी जाड आणि टोकाला बारीक असतो, तोच भाग मोजून कापा. फेव्हिक्विकच्या थेंबाने बसवा. मॉडेल कपाटात ठेवून झाल्यावर, तिथल्या तिथे. आधी लावलात तर कपाटाच्या दारात तो मोडेल, आणि पुन्हा निरांजन मागायला जावं लागेल.